तत्त्वतः मंजूर

आप्पा, आज मी भर मीटिंगमध्ये ओरडले. तुम्हाला आवडलं नसतं. घराबाहेर तुम्ही आवाज चढवला तो एकदाच, आणि तोही बिचाऱ्या गवंड्यावर. ज्यांच्यावर चढवायला हवा होता त्यांना तुम्ही शेवटपर्यंत ‘आदरणीय महोदय’ लिहीत राहिलात. ज्या दिल्लीतल्या संस्थेनं तुम्हाला वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं, तसल्याच एका संस्थेत मी आता अधिकारी आहे. देशातल्या विज्ञानाला मदत करायची आणि त्या मदतीला नियम लावायचे, हे आमचं काम. मदत कमी पडते, नियम कधी कमी पडल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेचा म्हणून एखादा प्रस्ताव समोर आला की मला वडगाव रासाईच्या आपल्या हायस्कुलातली ती रिकामी खोली दिसते आणि डोकं फिरतं.

नदी तेव्हा बिघडायला लागली होती. शहराकडची घाण वाहत वाहत आपल्यापर्यंत यायची. उन्हाळ्यात पाण्यावर फेस, फेसावर जलपर्णी, आणि तुमच्या विज्ञानाच्या तासाला निम्मी पोरं पोट धरून बसलेली. गावात सगळे म्हणायचे, पाणी वाईट झालं. तुम्ही म्हणायचात, “नुसतं वाईट म्हणून कोण ऐकतंय? तपासून दाखवायला पाहिजे.” शाळेतच पाणी तपासायची प्रयोगशाळा काढायची आणि पोरांनी स्वतःच नदीचं पाणी तपासायचं, हे तुमच्या डोक्यानं घेतलं. दिल्लीला अर्ज गेला. आणि खरंच, एक दिवस जीप आली, दोन साहेब उतरले, शाळा पाहिली, नदी पाहिली आणि तुमच्या आग्रहाखातर आपल्या घरी टेकले.

आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलेलं. पाणी उकळून, गाळून, गार करून ठेवलेलं, नवे पेले काढलेले. ती तबक घेऊन बाहेर येते, आणि एक साहेब हात आडवा करून म्हणतो, नको. दुसरा ड्रायव्हरला जीपमधली बाटली आणायला सांगतो. चहासुद्धा घेतला नाही मेल्यांनी. जीप वळली तशी तुमची कळी खुलली. “बघितलं का? पाणी नाकारलं त्यांनी! म्हणजे पटलं त्यांना!” आई तशीच उभी. म्हणाली, “पानी नाकारलं का पानी देनारा हात नाकारला, ते इचारलं का तुमी?” तुम्ही म्हणालात, “अगं, शास्त्राची माणसं हायेत ती.” ती तबक घेऊन आत गेली. आज मी त्या शास्त्राच्या माणसांत रोज बसते, आप्पा, आणि तुमच्या दोघांत कोण बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही.

मग पत्र आलं. इंग्रजीत. तुम्ही शाळेच्या मैदानात सगळ्यांसमोर वाचून दाखवलंत, ‘इन प्रिन्सिपल अप्रूव्ह्ड’. सरपंच मामा उठून उभेच राहिले. “सर, प्रिन्सिपलनी मंजूर केलं म्हंजी? आपल्या हेडमास्तरचं दिल्लीत एवढं वजन हाय व्हय?” काय हसले लोक! हेडमास्तर मात्र पुढे कितीतरी दिवस छाती काढून फिरत होते. तुम्ही समजावलंत की हे प्रिन्सिपल वेगळं, प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. तत्त्वतः मंजूर. आणि इथंच तुम्ही फसलात. कारण आपल्या घरात तत्त्व म्हणजे काय होतं? लग्नात हुंडा घेतला नाही, ते तत्त्व. देवापुढं नारळ फोडला नाही, ते तत्त्व. विहाराच्या वर्गणीत गडबड केली म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं सोडलंत, तेही तत्त्व. तत्त्वाच्या गोष्टीतून आपल्याकडं कुणी मागं सरत नसे. म्हणून तुम्ही आईला पेढा भरवत म्हणालात, “अगं, तत्त्वानं मंजूर म्हंजी साध्या मंजूरपेक्षा पक्कं!”

दुसऱ्याच आठवड्यात खोली रिकामी झाली, कडप्प्याचा ओटा आला. गवंड्यानं नळ खाली बसवला, खाली बाटली धरता येईना, तेव्हा तुम्ही त्याच्यावर असे ओरडलात की पोरं वर्गातून बाहेर आली. नळ उखडून उंच बसवून घेतलात. मग वाट बघणं सुरू झालं. एक कार्यालय म्हणालं, विज्ञान आमच्याकडं, पण पाणी आमच्याकडं नाही. पाणीवाले म्हणाले, शाळा आमच्याकडं नाही. शाळावाले म्हणाले, ओटा कुणाला विचारून घातला? तुम्ही दौंडहून रेल्वेनं दिल्लीला जाऊन आलात, आल्यावर आईला एवढंच सांगितलंत की माणसं सभ्य आहेत. शाळेनं त्या खोलीत तांदळाची पोती ठेवायची म्हटलं, तर तुम्ही दारात उभे राहिलात, “तिथं प्रयोगशाळा मंजूर आहे.” अहो, चिडायचं होतं! पेपरात द्यायचं होतं, त्यांच्या दारात बसायचं होतं! तुम्ही ओटा पुसत राहिलात. तुम्ही गेल्यावर महिन्याच्या आतच पोती आली.

आज नदीपलीकडच्या राहू गावातल्या शाळेच्या एका बाईंचा प्रस्ताव होता. तीच नदी, तेच पाणी, तीच शाळेतली प्रयोगशाळा. मी म्हटलं, द्यायची तर द्या, नाही तर तोंडावर नाही म्हणा. अध्यक्ष हसले. म्हणाले, मॅडम, नाही लिहिलं तर कारण द्यावं लागतं आणि हो लिहिलं तर सामान द्यावं लागतं. तिथं मी ओरडले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, माझ्यासाठी चहा मागवला, आणि ठराव झाला, तत्त्वतः मंजूर. खाली माझीही सही आहे.

संध्याकाळी बाईंचा फोन. “मॅडम, काय झालं वो आमचं?” मी सांगितलं. पलीकडं त्या जवळजवळ किंचाळल्याच. “तत्त्वतः! म्हंजी झालंच की! मी कडप्पा सांगूनच ठिवला हाय मॅडम, उद्या गवंडी येतोय.” थांबवा त्याला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि म्हणाले काय, तर, “नळ जरा उंच बसवून घ्या, खाली बाटली धरता आली पाहिजे.”

हे कुठं पाठवायचं नाही ते बरंच आहे. तुम्ही राहूच्या बाईंचं वाचून खूश झाला असता आणि मला परत तुमच्यावर चिडावं लागलं असतं. पण एक सांगून टाकते, आप्पा. त्या नळाचं बोलत होते तेवढा वेळ मलाही वाटत होतं, सामान येणार.