एसी, इंजिन आणि माझा डावा पाय

सुरत,
नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप विनायकदादा यांस,

रजनीचा नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि जळगावचा पाणीपुरवठा हे तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील, असं धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा डावा पाय निकामी झाल्याची बातमी परागने तुम्हाला फोनवर दिली असणारच. (मी बँकेतल्या मालतीबाईंना दोन मिनिटं फोन केला की त्याला बिल आठवतं. मामाकडे आईच्या तक्रारी करताना आठवत नाही.)

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ही एसीची गाडी घेतली, तेव्हा ‘बाईच्या नावावर घेतलीस तर आरटीओत खेटे घालशील, मुलाच्या नावावर घे’ हा सल्ला तुमचा होता. मी ऐकला. त्यामुळे गाडी घेतली मी, चालवते मी, आणि विकायला निघालाय पराग. कुणी छगनभाई म्हणून साडीवाले आहेत, त्यांना त्याने शब्दही दिलाय. मालतीबाई आणि मी दर गुरुवारी काचा लावून, एसी सुरू करून डुमसच्या समुद्रावर भजी खायला जातो. ऑफिसात तीस वर्षं जे बोलता आलं नाही ते तिथवर जाईपर्यंत बोलून होतं. आता मी परागच्या स्कूटरवर मागे बसून, हेल्मेटकडे बघत जायचं का? आणि तेही तो मोकळा असेल तेव्हा.

झालं असं, की दसरा झाल्यापासून गाडीने एक खोड काढली. चालत्या गाडीत एसी लावा, काही तक्रार नाही. सिग्नलला थांबलं, की इंजिन ताप भरल्यासारखं हुडहुडायचं आणि गप्प व्हायचं. हे नेमकं मजुरा गेटला, मागे एसटीची बस असताना. मग खिडकीशी जो येईल तो तज्ज्ञ. एका रिक्षावाल्याने तर विचारलं, “माजी, घरे कोई भाई नथी?” घरी ‘भाई’ होता, आणि त्याचं निदान तयार होतं. “आई, तू क्लच लवकर सोडतेस. वय झालं आता तुझं.” (हा मुलगा स्वतः आमच्या फाटकाला दोनदा धडकलाय. तेव्हा फाटक अरुंद होतं.)

शाळेत नन्सनी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की आरोप आधी तपासावा, रडायचं ते नंतर. मी पराग आणि सूनबाई शर्वरीला खाली बोलावलं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि सीटवर चक्क मांडी घातली. (या वयात स्टिअरिंगखाली मांडी घालून दाखवा, मग माझ्या पायांविषयी बोला.) एसी बंद असताना इंजिन छान गुणगुणत होतं. बटण दाबलं, थरथरलं, मेलं. विचारलं, “आता सांग, यात माझा पाय कुठे आहे?” पराग म्हणाला, “म्हणजे गाडीच खराब आहे. मग तर विकलीच पाहिजे.” आरोपी बदलला, शिक्षा तीच.

मग मी गॅरेजं पालथी घातली. उधना दरवाजाच्या मेकॅनिकने एसीत गॅस भरला, त्यामुळे बंद पडण्यापूर्वी गाडी जास्त गार होऊ लागली. दुसऱ्याने कुठलासा स्क्रू एवढा पिळला, की एसी नसताना सिग्नलला गाडी उभ्या उभ्या डरकाळ्या फोडायची आणि पुढचा सायकलवाला घाबरून उतरायचा. तिसरा बमरोलीचा लोटू, मूळचा धुळ्याकडचा. त्याने स्क्रू पूर्ववत केला, कॉम्प्रेसरचा पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आता नही बंद पडाव, मावशी.” खरंच पडली नाही. एसीही लागला नाही.

मी त्याला पट्टा परत चढवायला लावला, मालतीबाईंना बटणापाशी बसवलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. कॉम्प्रेसरचं ओझं उभ्या इंजिनाला पेलावं म्हणून तिथे एक डबी असते. एसी लावला की तिची काडी पुढे सरकते आणि इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल मिळतं. मालतीबाईंनी बटण दाबलं. काडी बिचारी उचकी लागल्यासारखी हलली आणि जागीच राहिली. कारण ती लाल दोऱ्याने शेजारच्या नळीला बांधली होती. सात वेढे, वर गाठ, गाठीवर हळदकुंकू.

दादा, दसऱ्याला इथे येऊन माझ्या गाडीची पूजा कुणी केली? ‘वरवर काय फुलं वाहतेस, खरं यंत्र आत आहे’ म्हणून बॉनेट कुणी उघडलं, आणि तेही चष्मा न लावता?

तिन्ही मेकॅनिकांनी तो दोरा पाहिला होता. पहिल्या दोघांनी बॉनेट उघडताच हात जोडलेले मी पाहिले होते. मला वाटलं, सुरतेत इंजिनालाही नमस्कार करत असतील. लोटूला झापलं तर म्हणतो, “देवना दोरा शे, मावशी. त्याले कसा हात लावू?” म्हणजे माझा पाय, माझं वय, गॅस, स्क्रू, पट्टा, सगळ्याला हात लावायचा, पण दोऱ्याला नाही! मी पर्समधल्या कात्रीने तो कापला. लोटूने तोंड फिरवलं. एसी लावला, इंजिन क्षणभर दबलं, सावरलं आणि चालत राहिलं.

परागला सांगितलं तर म्हणतो, “बरं झालं, आता छगनभाईंना चालू गाडी देता येईल.”

वहिनींना नमस्कार.

तुमची (अद्याप गाडी चालवणारी) बहीण,
रजनी

ता. क. एक काम करा. परागला पत्र लिहा, की तो दोरा नवसाचा होता आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत गाडी घराबाहेर गेली तर कोप होईल. कुणाचा ते तुम्ही ठरवा. शर्वरी सोळा सोमवार करते, ती ते पत्र देवापुढेच ठेवील. अशा भाकडकथांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून जरा सविस्तर लिहा. दोरा कापल्याचा उल्लेख नको.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच छगनभाई गाडी बघायला आले. शेजारी बसले, गार वारा तोंडावर घेतला आणि “वाह माजी, ठंडक तो बहु सरस छे” म्हणाले. इंजिन एवढं शहाण्यासारखं चाललं होतं, की सौदा तिथेच पक्का झाला असता. मजुरा गेटला मी क्लच एकदम सोडला. पुढच्या चौकात पुन्हा. छगनभाई रिक्षाने घरी गेले. पराग म्हणतो, “आई, हा तुझाच पाय.” त्याचं निदान पहिल्यांदाच बरोबर आलंय, पण हे त्याला कळवायची गरज नाही. पत्र तेवढं लवकर टाका. तो दुसरं गिऱ्हाईक शोधतोय, आणि गाडी आता आपणहून बंद पडत नाही.