धूर बाहेर जात होता

सोमवार, ३ मार्च
वीस वर्षांपूर्वी वर्कशॉपचे सर म्हणाले होते, सोल्डरिंग संपलं की आधी हात धुवायचे, मग घरी जायचं. मी आता घरीच असते. म्हणजे अर्धा नियम आपोआप पाळला जातो.
आजपासून दुकानातून आणलेले वॉशिंग मशीनचे बिघडलेले सर्किट बोर्ड घरीच दुरुस्त करणार. मुलगी साडेतीन वर्षांची, दिसेल ते गालात कोंबते म्हणून तिचं नाव खारू. नवऱ्याने विचारलं, भाजेल ना ती. म्हटलं, मी शिकलेली बाई आहे. म्हणाला, म्हणूनच विचारतोय.

मंगळवार, ४ मार्च
सोल्डरची तार वितळवणाऱ्या तापत्या आयर्नला जड स्टँड. वायर भिंतीकडून. जमिनीवर लाल टेपची रेघ, अलीकडे मी, पलीकडे खारू. तिने विचारलं, फक्त बोटं आली तर चालतील का. नाही म्हटलं. बोटं मागे गेली. शिस्त अशी लावायची असते.

गुरुवार, ६ मार्च
झोपायच्या खोलीत धूर कोंडतो. खारू दोनदा खोकली. उपाय सापडला. सगळं बस्तान स्वयंपाकघरात, ओट्यावर, एक्झॉस्ट फॅनखाली. धूर बाहेर, खारू खाली. आधी कसं सुचलं नाही कोण जाणे.

शुक्रवार, ७ मार्च
वन्सं आल्या होत्या. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असतात, त्यामुळे प्रश्न फार. म्हणाल्या, अगं, या सोल्डरमध्ये शिसं असतं ना, बिनशिशाचं मिळतं की. म्हटलं, मिळतं, पण ते लवकर वितळत नाही आणि जोड खडबडीत येतो. शिवाय इथे कोण चाटतंय. वन्सं नुसतं हं म्हणाल्या. त्यांचं हं फार लांब असतं.

सोमवार, १० मार्च
नऊ बोर्ड झाले. एकही चटका नाही. यात माझा अंगठा धरलेला नाही. घरून काम करणाऱ्या आयांसाठी चार सूचना लिहून पाठवाव्यात असं मनात आहे.

बुधवार, १२ मार्च, सकाळी
आयर्नचं टोक पुसायचा ओला स्पंज जागेवर नव्हता. नवरा सिंकपाशी खारूचा दुधाचा पेला घासत होता. त्याच स्पंजने. म्हणाला, भांड्यांचा फाटला होता, हा कडेला होता, चांगला वाटला. कधीपासून, विचारलं. शुक्रवारपासून.
स्पंज पिळला. तळहातावर चंदेरी कण.
पेला खाली ठेव म्हटलं. त्याने दोनदा विचारलं, झालं काय. मी तळहात पुढे केला.

त्याच दिवशी, दुपारी
वन्संना फोन केला. या वेळी हं नाही. आत्ता घेऊन ये, म्हणाल्या. रक्त काढताना खारू रडली नाही. वन्संना विचारत होती, तुमच्याकडे रेघ कुठे आहे.

गुरुवार, १३ मार्च
रिपोर्ट उद्या. काही निघणार नाही. धूर तर बाहेर जात होता. खरं म्हणजे सगळे स्पंज पिवळेच का बनवतात, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. ओटा तीनदा पुसला. जेवले नाही.

शुक्रवार, १४ मार्च
शिसं निघालं.
डॉक्टरबाई म्हणाल्या, फार नाही, पण मुलांच्या अंगात थोडंसुद्धा नको. औषध नको, काम घराबाहेर न्या, घर ओल्या फडक्याने पुसून काढा, महिन्याने पुन्हा रक्त. नुसता स्पंज नसेल, कण फरशीवरही पडले असणार. मग विचारलं, स्वयंपाकघरात काम करायचं कुणी सुचवलं. मी म्हटलं, मीच.
घर स्वच्छ होईपर्यंत खारू वन्संकडे. तिची बॅग नवऱ्याने भरली. मला विचारलं नाही.

रविवार, १६ मार्च
बोर्ड आणि आयर्न दुकानात परत दिलं. ओटा झाला, फरशी झाली, संपलं असं वाटलं. मग पिठाचा डबा सरकवला. मागे पुन्हा चंदेरी कण. सगळे डबे खाली काढलेत. नवरा आणि मी दोन टोकांनी पुसतो आहोत. बोलणं पाण्याच्या बादलीपुरतं.
आत्ता वन्संना मेसेज केला. नाहीच म्हणतील. मला बघितलं की खारू धावत येऊन बिलगणार, आणि माझ्या कपड्यांना काय काय लागलंय हे मलाही सांगता येत नाही. तरी लिहिलं:
वन्सं, तिला पाच मिनिटं गॅलरीत आणाल का? मी खाली रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन.