पुसून टाकण्याचा धडा

प्रिय ढब्ब्या,

मॅनेजर झालास, तेव्हा आता तरी ताईने या नावाने हाक मारू नये असं तुला वाटत असेल, तर वाटू दे. मी तुझे फोन उचलत नाहीये. उचलला तर मी ओरडेन, आणि मी ओरडले की तू लहानपणापासून करतोस तेच करशील. केविलवाणं तोंड करून माझा राग माझ्यावरच उलटवशील. पत्राला मध्येच "ताई, आधी शांत हो" म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्या प्रोग्रॅमरांना डेटाबेस शिकवायला ये, हा आग्रह तुझाच होता. मीही हुरळले. इतकी वर्षं परक्यांच्या ऑफिसांत शिकवत हिंडले, आता भावाच्या ऑफिसात! स्टोअररूम रिकामी करून केलेला वर्ग, गळक्या एसीखालची बादली, सगळं जग गुलाबी दाखवणारा प्रोजेक्टर, मी हसून चालवून घेतलं. पोरं हुशार होती, पण अर्धी मोबाइलमध्ये बुडालेली. मन लावून ऐकत होत्या त्या एकट्या पुढच्या खुर्चीवरच्या बाई. सासूच्या आजारपणात नोकरी सोडलेल्या, काही वर्षांनी परत आलेल्या, अजून कायम न झालेल्या. पोरं त्यांना काकू म्हणायची आणि त्याही हसून ओ द्यायच्या.

माझा पहिला धडा तुला ठाऊक आहे. तो मुळात तुझ्यामुळेच सुरू झाला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तू गाण्यांच्या यादीचं टेबल बनवलं होतंस. त्यातलं एक गाणं काढ म्हटलं, तर कुठलं काढायचं ती अटच घालायला विसरलास आणि सगळी गाणी गेली. त्या दिवशी तू जेवला नव्हतास. मी माझ्याकडच्या कॉपीतून सगळं परत आणून दिलं, तेव्हा कुठे पानावर बसलास. तेव्हापासून प्रत्येक वर्गात पहिल्याच तासाला मी मुद्दाम अट न घालता डिलीट करायला लावते. आख्खं टेबल रिकामं होतं, चांगला धसका बसतो, मग बॅकअपमधून सगळं परत आणायचं. एकदा तो धसका बसला की माणूस अट घालायला विसरत नाही. पण हे करायचं ते सरावाच्या कॉपीवर, खऱ्या डेटावर नव्हे. म्हणून आदल्या दिवशी मी तुला विचारलं. सकाळी वर्गाच्या दारात परत विचारलं. "अगं, सरावाचाच आहे, बिनधास्त उडव," म्हणालास. वर "किती वेळा विचारशील?" असं वैतागलास.

मी काकूंना पुढे बोलावलं. बटणावर बोट ठेवून त्यांनी "मॅडम, नक्की ना?" असं विचारलं, आणि मी हो म्हटलं. टेबल रिकामं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत खालच्या मजल्यावरचे फोन खणखणायला लागले. उडाल्या त्या लोकांच्या औषधांच्या खऱ्या ऑर्डरी होत्या, ढब्ब्या! कुणाच्या आईच्या हृदयाच्या गोळ्या, कुणाच्या लेकराचं इन्शुलिन. आणि बॅकअप? तो रोज घेतला जात होता म्हणे, पण त्यातून काही परत येतं का, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. बघणं कुणाचं काम होतं ते मी सांगायला नको. माणसं रात्रंदिवस फोन करकरून ऑर्डरी नव्याने लिहून घेत होती, आणि काकू त्यात सगळ्यांच्या पुढे होत्या.

चूक झाली म्हणून मी एवढी भडकलेली नाही. कॉपी करायला तुला वेळेत जमलं नाही, वरच्यांपुढे नाचक्की नको म्हणून खऱ्या डेटाचंच कनेक्शन देऊन टाकलंस, जेवणाच्या सुट्टीत बदलू असं मनात ठरवलं असशील. तुझा हा आळस मी जन्मभर पाहिलाय. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू सगळ्यांना पाठवलेली ती मेल वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'प्रशिक्षणार्थीने सूचना डावलून.' कुठली सूचना रे? कुणी दिली? किती साळसूदपणे सगळं एका बाईच्या माथी मारून मोकळा झालास! त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं, चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आणि जाताना त्या माझीच माफी मागत होत्या. "माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं, मॅडम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल बाबांचा फोन आला. तूच करायला लावलास, खोटं बोलू नकोस. "तो आपल्या घरचा आहे, ती बाई तुझी कोण लागते?" असं म्हणाले. मी बाबांना आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. काल बोलले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. हेही तुझ्या खात्यावर.

उद्या चौकशी आहे. पहिलं नाव माझं होतं. मी विनंती करून क्रम बदलून घेतलाय. आधी तू, मग मी, शेवटी काकू. मी तुला काय विचारलं आणि तू काय म्हणालास ते मी आत शब्दन् शब्द सांगणार आहे, बाबा काहीही म्हणोत. पण माझ्या आधी ते तुला सांगता यावं, एवढ्यासाठी हे पत्र. माझ्या तोंडून कळलं तर तू नुसता पकडला जाशील. स्वतः सांगितलंस तर नोकरी कदाचित जाईल, पण तुझी बाजू घेऊन मला बाबांशी भांडता तरी येईल. आणि मी भांडेन रे, तुझ्यासाठी मी आजवर कमी भांडलेय का? मी बाहेरच्या बाकावर काकूंच्या शेजारी बसलेली असेन. दारातून बाहेर आलास की माझ्याकडे बघू नकोस. त्यांच्याकडे बघ. तेवढं जमलं, तर आत तू काय सांगितलंस ते मला कळेल.

संतापलेली, तरीही तुझीच,
ताई