चालू मशीनने न सोडलेलं कार्ड

मंगळवार, संध्याकाळी सात, नाशिक रोड

कुंकवाचा तो ठिपका डोळ्यांसमोरून जात नाही.

लॅबच्या सर्व्हरमध्ये सारखी दोन नेटवर्क कार्डं, दोन्ही एकाच व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला दिलेली. एकातून रक्ततपासणीचे आकडे येतात, दुसरं रिकामं. रिकामं तेवढं मशीन चालू ठेवूनच काढायचं होतं. कॅबिनेटवरच्या माझ्याच चिठ्ठीत आठ नंबरच्या खाचेतलं कार्ड रिकामं लिहिलेलं, ते पाहून आठ नंबर काढायची कमांड दिली. निघेना. परत दिली. "उपकरण वापरात आहे." रिकामं कार्ड कसलं वापरात? चिडून जबरदस्तीने काढायची कमांड टाइप केली. एंटर तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात टेक्निशियन वैशालीताई डोकावल्या. "दादा, आत्ता काही बंद करू नका हं. देवळ्याहून आणलेल्या बाळाचं सॅम्पल लावलंय, डॉक्टर थांबलेत."

मी वाकून पाहिलं. आठवरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे आकडे यातूनच येत होते; शेजारी कुंकू. दसऱ्याला पुसून पूजा करायला दोन्ही कार्डं मीच बाहेर काढली होती. परत बसवताना अदलाबदल होऊन चालू कार्ड आठमध्ये गेलं, चिठ्ठी तशीच राहिली. कुंकू लावताना नंबर का नाही पाहिला?

बाळाचा रिपोर्ट डॉक्टरांकडे पोचला. टाइप केलेली कमांड तेव्हाच पुसली, चिठ्ठी आत्ता बदलली. मी दोनदा सोड म्हणालो, मशीनने कार्ड सोडलं नाही. तिसऱ्या वेळी मी विचारणारच नव्हतो.