चौदा कुप्यांपैकी एक

प्रति,
मा. सदस्य सचिव,
नैतिकता समिती,
अस्थिरोग रुग्णालय व संशोधन केंद्र,
जालना.

विषय : कालकथित बेबीनंदा देवानंद खरात यांच्या गुडघ्यातील पेशींची कुपी नष्ट करण्यापूर्वी तिच्यावर त्यांचे नाव लिहिण्याबाबत.

संदर्भ : सर्व सहभागींच्या घरच्या पत्त्यावर पाठवलेले आपले दि. २५ ऑगस्ट २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन येथील रहिवासी असून तीस वर्षांपासून एका दैनिकाचा ग्रामीण वार्ताहर आहे. अर्जदाराची पत्नी बेबीनंदा गावातील अंगणवाडीत एकोणतीस वर्षे मदतनीस होती. घरोघरी जाऊन मुले आणायची, त्यांतले रडणारे मूल कडेवर घ्यायचे आणि दिवसभर त्यांच्यासोबत खाली बसायचे-उठायचे, हे तिचे काम. त्यात तिच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजून गेली. दि. ११ मार्च २०२३ रोजी आपल्या रुग्णालयात तिचा सांधा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया चांगली झाली. दि. २ फेब्रुवारी २०२५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तिचे निधन झाले. त्याचा गुडघ्याशी संबंध नाही. रुग्णालयाविरुद्ध अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही.

२. काढून टाकलेली कूर्चा आपल्या केंद्रातील तत्कालीन संशोधक श्रीमती रूपल यांनी अभ्यासासाठी मागितली. जुना जालन्यातील कापड व्यापाऱ्याच्या या मुलीने खाटेवर बसून सगळे समजावून सांगितले. झिजलेल्या सांध्यातही नवी कूर्चा तयार करू शकतील अशा काही पूर्वज पेशी शिल्लक असतात. त्यांच्या आवरणात बारीक दारे असतात. दाब पडला की दार उघडते, कॅल्शियमचे कण आत जातात आणि पेशीला काम करण्याची सूचना मिळते. ही दारे बिघडतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यावर पत्नी म्हणाली, "माझ्या अंगात असून त्या काम न्हाई करू राह्यल्या, मंग तुझ्या डबीत कशा करतील, बाई?" रूपल हसल्या. म्हणाल्या, "मावशी, तेच तर शोधायचंय." पत्नी म्हणाली, "दाबच पाह्यजे आसंल तर एकोणतीस वर्षं दाबच दिला की. दार उघडून उघडून बिजागऱ्या गेल्या असतील." शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. कूर्चा देण्यास पत्नीने आनंदाने होकार दिला, हे अर्जदार नमूद करू इच्छितो.

३. तीन महिन्यांनी तपासणीला आलो असता रूपल यांनी तिला प्रयोगशाळेच्या पडद्यावर तिच्याच पेशी दाखवल्या. त्यांना एक रंग दिलेला होता. वरून द्रव सोडला, तशी एक पेशी उजळली, मग तिच्या शेजारची, मग आणखी दोन. पत्नी बराच वेळ उभी राहून पाहत होती. नव्या गुडघ्यावर ती प्रथमच इतका वेळ उभी राहिली. ती म्हणाली, "अंगणवाडीतल्या पोरांसारखंच हाय. एकाला उठवलं का बाजूचं उठतं."

४. आता मुख्य मुद्दा. संमतिपत्राच्या कलम ९ मध्ये दोन पर्याय होते : (अ) नमुन्याशी माझे नाव जोडलेले राहावे, (ब) राहू नये. तिच्या पत्रावर (ब) समोर खूण आहे. ती खूण तिची नाही. पत्र भरणारा अर्जदार म्हणजे मी, असे येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. ती म्हणाली होती, "राहू द्या की नाव. पेपरात तर कधी आलं न्हाई, डबीवर तरी येईल." मी म्हणालो, "पेशंटचं नाव देत नसतात." आमच्या बातम्यांत तशी पद्धत आहे. रोज संध्याकाळी सहाच्या आत मजकूर पाठवणाऱ्या माणसाचा हात अशा ठिकाणी थांबत नाही. तिने खाली सही केली. सही तिची आहे, खूण माझी आहे.

५. "पेपरात कधी आलं न्हाई" हे तिचे म्हणणे खरे आहे. घरच्या माणसाचे नाव स्वतःच्या बातमीत घालायचे नाही, हा अर्जदाराने स्वतःला घालून घेतलेला दंडक. सन २०१४ मध्ये तालुक्यातील पाच मदतनिसांचा सत्कार झाला. अर्जदाराने चार नावे पाठवली आणि पुढे "आदींचा" असे लिहिले. ते कात्रण तिने अनेक वर्षे डब्यात ठेवले होते, हे ती गेल्यावर कळले. तिच्या निधनाची बातमी जिल्हा कार्यालयाने 'वार्ताहर देवानंद खरात यांना पत्नीशोक' या मथळ्याखाली छापली. चार ओळींची जागा होती. त्यात अर्जदाराचे नाव दोनदा आले, तिचे आले नाही. जागेसाठी काय कापले जाते, हे अर्जदाराला चांगले माहीत असल्याने त्याने कोणाला दोष दिला नाही.

६. संशोधन संपले असून उरलेले नमुने दि. ३० सप्टेंबर रोजी नियमानुसार नष्ट करण्यात येतील, असे आपले पत्र आहे. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन सहा महिने झाल्यावर तिचे काहीतरी अजून जालन्यात गोठवलेल्या पण जिवंत स्थितीत आहे, हे त्या पत्रामुळे अर्जदारास कळले. चौकशीअंती असे समजले, की एकतीस सहभागींपैकी चौदा जणांनी (ब) निवडले होते आणि त्यांची नावे व क्रमांक जोडणारी यादी डिसेंबर २०२४ मध्ये नष्ट करण्यात आली. रूपल आता परगावी आहेत. त्यांनी फोनवर सांगितले, "काका, मी त्या पेशी दीड वर्ष रोज पाहिल्या, पण आकडा बघून पाहिल्या. आता अंदाजानं एखादी दाखवणं बरोबर होणार नाही." त्यांचे बरोबर आहे. आपल्या कार्यालयात सांगण्यात आले, की पर्याय बदलायचा असल्यास सहभागी व्यक्तीने स्वतः लेखी अर्ज करावा. ती हयात नसल्याचे सांगितल्यावर, मग पर्याय बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

७. तरी अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

(क) कलम ९ वरील खूण सहभागी व्यक्तीची नसल्याने ती रद्द समजावी. जाफराबाद येथे राहणारी आमची मुलगी मोनाली रक्त देण्यास तयार आहे. त्यावरून चौदांपैकी तिच्या आईची कुपी ओळखता येईल. तपासणीचा खर्च अर्जदार देईल.

(ख) इतर तेरा जणांची गुप्तता राखायची म्हणून हे नाकारले गेल्यास, चौदाही कुप्या अर्जदाराच्या ताब्यात द्याव्यात. कोणाचीही ओळख विचारली जाणार नाही. ती सर्व माणसे झिजलेल्या गुडघ्यांची असल्याने आमच्याच घरची समजली जातील आणि चौदा जणांसाठी त्रिशरण-पंचशील घेऊन त्यांना एकत्र निरोप दिला जाईल.

(ग) तेही नियमात बसत नसल्यास, कुप्या नष्ट करताना अर्जदारास दाराबाहेर उभे राहू द्यावे. आणि नोंदवहीत ते चौदा क्रमांक लिहिले जातील, तेव्हा प्रत्येक क्रमांकापुढे "बेबीनंदा" असे लिहावे. त्यांपैकी तेरा नोंदी खोट्या असतील, हे अर्जदार जाणून आहे. तीस वर्षांत त्याने जाणूनबुजून एकही खोटी ओळ पाठवलेली नाही. या तेरांची जबाबदारी तो घेतो. चौदावी खरी असेल.

दि. ३० पूर्वी उत्तर मिळावे. टपालाने वेळ लागत असल्यास फोन करावा, अर्जदार जालन्याला येईल.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
देवानंद भुजंग खरात
मु. पो. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना
दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. संमतिपत्राची प्रत (कलम ९ अधोरेखित)
२. मृत्यू प्रमाणपत्र
३. मोनालीचे रक्त देण्याबाबतचे संमतिपत्र. हे तिने स्वतः भरले आहे.