उडत्या गाडीसाठी आखलेलं खळं

चिचगड, १२ डिसेंबर २०१३

तीर्थरूप मामाजींच्या पायाशी जावई योगराजचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? मामीजींचा खोकला उतरला असेल. इकडे धानाची कापणी आटोपली, पेंढ्यांचे पुंजने खळ्याच्या कडेला रचले, थंडी बेताची. रविता आठ दिवसांपासून आपल्याकडे असल्यामुळे तिची खुशाली आपणच कळवावी.

तिने तिची बाजू सांगितलीच असेल (आणि ती छान सांगते, हे मी लग्नापासून जाणतो), म्हणून माझी लिहितो. मामाजी, उडणाऱ्या मोटारी येत आहेत. पेपरात फोटोसकट छापलं आहे. त्यांना पायलट नको, आपला साधा ड्रायव्हर चालतो. देवरी-चिचगड रस्त्यावर मी तेरा वर्षं जीप हाकतो, तिथे चाकं अशीही निम्मा वेळ हवेतच असतात. म्हणजे निम्मं शिक्षण झालेलंच आहे. प्रश्न फक्त उतरायच्या जागेचा. जंगलात झाडं, धानाच्या बांधीत चिखल. उरलं आपलं खळं: सपाट, टणक, रवितानं नुकतंच सारवलेलं. त्यावर मी चुन्याचा मोठा गोल आखला (मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरला आखतात तसा).

इथे एक बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. मळणी झाली की राशीभोवती रेघ ओढायची, आणि रेघ दिसली की गावानं आपला वाटा मागायला यायचं, ही आपली रीत. सकाळीच उदाराम लोहार सूप घेऊन हजर! मागे न्हावी, कोतवाल आणि दोन गोसावी. गोल आहे, पण आत रास नाही. "काऊन भाऊ, रास घरात लपवून राहिले का?" उदारामनं सगळ्यांसमोर विचारलं. मामाजी, मी आपला जावई. खळ्यावरून कोणाला रिकाम्या हातानं जाऊ देईन का? घरातलं एक पोतं आणून सूप-सूप भरून वाटलं. सगळे आशीर्वाद देत गेले. संध्याकाळी कळलं, ते बियाण्याचं होतं. रवितानं लोंबी-लोंबी वेचून, हातानं झोडून ठेवलेलं.

ती भांडली असती तर मी निभावलं असतं. "तुमी वरतच पाहून राहिले. खाली मी आहो, थे दिसतच नाई तुमाले," एवढंच बोलली आणि एसटीत बसली.

असो. दोन वर्षांत गाडी येईल. पहिली फेरी चिचगड ते आपलं तिरोडा, मामीजी पुढच्या सीटवर. त्यांना आत्तापासून सांगून ठेवावं.

आपला आज्ञाधारक,
योगराज

ता. क. गाडीला वेळ आहे, तोवर रविताला एसटीनं पाठवलं तरी चालेल. शनिवारी पाठवलीत तर बरं. शुक्रवारी तर फारच बरं.

दुसरा ता. क. गोल पुसून खळं मी पुन्हा सारवलं. नीट जमलं नाही. पुंजन्यातून चांगल्या लोंब्या वेचतो आहे, अजून सूपभरही झाल्या नाहीत. तिनं पोतंभर कशा वेचल्या असतील?

तिसरा ता. क. न्यायला मी स्वतः का आलो नाही, असं आपण म्हणाल. तीनदा आलो. आपल्या गावच्या तळ्यापर्यंत जीप आणली आणि तिथूनच वळवली. ती समोर आली तर काय बोलायचं, ते मला सुचत नाही. एवढंच तिला वाचून दाखवा, बाकीचं पत्र आपल्यापाशीच राहू द्या.