हावरट हे विशेषण

गुरुजी, तुम्हांस जाऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी माझा राग निवलेला नाही. हे आरंभीच सांगतो, म्हणजे पुढील मजकुराविषयी गैरसमज नको.

दुष्काळाचे ते वर्ष. लातूर हा वेगळा जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. गावात टँकर येई आणि पाणीवाटपास तुम्ही उभे राहत असा. माणशी एक घागर. माझ्या आईने रांगेतच घागरीला तोंड लावले, बरेचसे पाणी पिऊन टाकले आणि ती पुन्हा पुढे आली. "ए बाई, सर मागं! लई हावरट हायस की गं," तुम्ही ओरडलात. "गुर्जी, घसा जळून राहिलाय. तहानच भागंना," ती म्हणाली. "मग टँकरलाच लाव तोंड!" सारी रांग हसली. दुसऱ्या दिवशी वर्गात विशेषण शिकवायचे होते. तुम्ही मला फळ्याकडे बोलावून लिहवून घेतलेत: हावरट बाई. हावरट हे विशेषण, बाई हे नाम. मी 'बाई'तील ई ऱ्हस्व काढली, तेवढी तुम्ही छडी मारून दीर्घ करविलीत. चौथीची परीक्षा मी दिली. त्यानंतर शाळेची पायरी चढलो नाही.

पुढे नवा जिल्हा झाला आणि मी आईला लातूरच्या दवाखान्यात नेले. लघवी तपासून डॉक्टरांनी विचारले, "इतकी तहान कधीपासून लागते?" मधुमेह हा शब्द मी तेथे प्रथम ऐकला. तोवर तिची नजर गेली होती. हे तुम्हांस तोंडावर सांगावे म्हणून मी गावी आलो, तर आदल्याच महिन्यात तुम्ही वारला होतात. ती संधीही तुम्ही मला दिली नाहीत.

आता नांदेडात आम्ही काही मंडळी या रोगावरील संशोधनासाठी देणग्या गोळा करतो. देणगीदारांच्या फलकावर नावे मी लिहितो, कारण माझे अक्षर वळणदार आहे. ते वळण तुमचेच, हे नाकारत नाही. गेल्या रविवारी सभेस तुमचे चिरंजीव आले. "काका, बाबांनाही शुगर होती हो. शेवटी पाय काढावा लागला. त्यांच्या स्मरणार्थ लिहा, अन् नावाआधी 'विद्यार्थिप्रिय' टाका." मी कुंचला खाली ठेवला, ध्वनिक्षेपकाशी गेलो आणि टँकरपासून फळ्यापर्यंत सर्व सभेस ऐकविले. मग फलकावर तुमचे नाव लिहिले. विशेषण लिहिले नाही. चिरंजीव देणगी देऊन खाली मान घालून गेले. मला समाधान वाटले. आजही वाटते. तुमच्या पायाचे ऐकून वाईट वाटले नाही, हेही नमूद करतो.

हे पत्र चिरंजिवांच्या पत्त्यावर धाडावे म्हणून लिहावयास बसलो होतो. धाडणार नाही. सभेत मी एक गोष्ट वगळली. त्या उन्हाळ्यात आईने घरी दुसरा तांब्या मागितला, तेव्हा तुमचा तो शब्द मीही तिला ऐकविला होता. तिने तांब्या परत ठेवला.